माझी पूड वेगळी

९ फेब्रुवारी, सोमवार

अकरा! अकरा डबे मोजले आज लवंगीच्या दाण्याच्या खोलीत. एका घोडीला अकरा सप्लिमेंट! माणसाला दिली असती तर उभ्या उभ्या फुटला असता.

सकाळी तिचे नाल बदलायला गेलो होतो. पुढचा उजवा पाय मांडीवर घेतला, कानस फिरवली — तर खुराचा भुगाच गळायला लागला. खिळा ठोकावा तर धरेना. वरच्या केसांच्या कडेखाली एक आडवी रेघ, बोट फिरवलं तर खाचेत जातंय. शेपटीवरून हात फिरवला तर केसांचा पुंजका माझ्या मुठीत. चोवीस वर्षं नालबंदी करतोय, असला खूर मी पाहिलेला नाही. आणि ही घोडी म्हणजे गेल्या वर्षी सगळे अडथळे वाऱ्यासारखी पार करणारी! आज पाय टेकवताना चाचपडत होती.

स्पर्धेत तिच्यावर बसतात ते स्वारसाहेब तिथेच उभे होते, मोबाईलमध्ये तोंड घालून. म्हटलं, हिला काय काय चारताय? तर मोठ्या कौतुकानं दाण्याच्या खोलीत घेऊन गेले. ही सांध्यांची पावडर, हे कातडी चमकायचं तेल, ही उडी मारताना बिचकू नये म्हणून शांत ठेवणारी बाटली, ही स्पर्धेच्या सकाळी तोंडात पिळायची पेस्ट... दुकान नुसतं!

"यातलं एकही बंदीच्या यादीत नाही," म्हणाले.

"वाळूही यादीत नाही. म्हणून घालणार का पोटात?"

"अहो, सगळं नैसर्गिक आहे."

"धोतराही नैसर्गिकच असतो. खाऊन दाखवा वाटीभर!"

हसले लेकाचे. मला सांगा, तिला कुणी विचारलं का, बाई गं, तुला हवंय का हे? बिचकते म्हणजे काहीतरी दुखत असेल, तर दुखतंय काय ते बघा. नाही! बाटली उघडायची आणि ओतायची. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

जाता जाता घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या हातात माझी खुरांची पुडी दिली, नेहमीसारखी. रोज संध्याकाळी दाण्यात एक चमचा. लवंगीचे खूर मूळचेच कच्चे, म्हणून मी घरी कुटून देतो, फुकट. जवस आणि गुरांची मिनरल पावडर, बस्स. मालकीणबाईंना सांगत नाही, नाहीतर त्या त्यावरही लेबल मागतील.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कंबर धरलीय. राग त्याहून जास्त धरलाय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरबाईंनी लवंगीचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. सेलेनियम! चिमटीच्याही चिमटीएवढं लागतं म्हणे, जास्त झालं की विष. केस आणि खूर आधी जातात. आणखी चढलं तर खूर बुटासारखा निघून येतो. "मग?" मी विचारलं. "मग तिला कायमचं झोपवायचं," म्हणाल्या. मी पाय धरून होतो तिचा. हळूच खाली टेकवला.

उद्या सगळ्यांनी आपापले डबे घेऊन यायचं आहे, असा डॉक्टरबाईंचा हुकूम. शाब्बास बाई! आता बघतो एकेकाचं तोंड.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दाण्याच्या खोलीतलं टेबल पुरलं नाही. अकरा डबे तर होतेच, त्यात मालकीणबाईंनी पर्समधून दोन काढले. "साखरेच्या वड्यांऐवजी देते हो मी, जीवनसत्त्वाच्या गोळ्या. तिला आवडतात." आवडतात! माझ्या पुतण्याला आगपेटीच्या काड्या चघळायला आवडायच्या!

डॉक्टरबाई चष्मा लावून एकेका डब्याच्या पाठीवरचं बारीक वाचत होत्या. पाच डब्यांची नावं पाच, पण आत सगळ्यांत सेलेनियम! एक सांध्यांचं, एक ताकदीचं, एक केसांचं. देणाऱ्याला वाटतं पाच वेगळ्या गोष्टी दिल्या, घोडीच्या पोटात तीच पाचदा! आणि प्रत्येकाचं पालुपद एकच — मी तर चमचाभरच देतो. अरे, पण घोडी एकच आहे ना! मी तर तिथेच म्हणालो, ही घोडी आहे का औषधाचं कपाट?

बाईंनी सगळ्याची बेरीज केली. मग पुन्हा केली. म्हणाल्या, "हे सगळं धरूनही रक्तात आहे त्याच्या निम्मं भरत नाही. या टेबलावर नसलेलं काहीतरी कुणीतरी देतंय."

मोतद्दार दाराशी उभा होता. दीड महिनाच झालाय त्याला इथे, आधीचा गावी गेला म्हणून हा आला. माझ्या वयाचा, बोलणं कमी. तो माझ्याकडे एकटक बघत होता. मी मनात म्हटलं, सापडला! अपराध्याची नजर अशीच असते.

"दाणा कोण टाकतं रोज? त्याला विचारा की!" मीच बोललो. मोठ्यानं बोललो. "साहेब लोकांनी खूश व्हावं म्हणून हे लोक काय काय मिसळतात, मी काय पाहिलं नाही?"

मालकीणबाईंनी विचारलं. तो म्हणाला, "दाणा मीच टाकतो, बाई. खरं आहे." एवढंच. मिसळण्याबद्दल ना हो ना नाही. संध्याकाळपर्यंत आवरून जा म्हणाल्या त्याला.

संध्याकाळी मी पुन्हा गेलो होतो, राहिलेला नाल बसवायला. फाटकात हा पिशवी घेऊन. मला वाटलं, शिव्या घालणार. तर म्हणतो, "उजवा पाय एकदम उचलू नका तिचा. आधी खांद्यावर हात ठेवा, मग ती देते." आणि गेला. निगरगट्टपणा तरी किती!

१५ फेब्रुवारी, रविवार

हिला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुमची ती पुडीची बरणी? ती नेलीत का टेबलावर?"

"माझी पूड वेगळी! ते काय औषध आहे?"

"बरं," म्हणाली. हिचं 'बरं' मला चांगलं ठाऊक आहे. तीस वर्षं ऐकतोय. बायकांना घोड्यांतलं काय कळतं!

२८ फेब्रुवारी, शनिवार

रक्त सुधारलं! निम्म्यावर आलं! बघा, मोतद्दार गेला आणि घोडी सुधारली, आता आणखी काय पुरावा हवा? डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळंच बंद केलंय ना, म्हणून. बंद म्हणजे सगळं बंद, नुसतं गवत. मी पण नव्या मोतद्दाराला पुडी दिली नाही, बाईंचा मान ठेवला. तेवढंच लवंगीचं नुकसान, पण जाऊ दे.

खूर मात्र चिरलाय. खिळे मारायची सोयच नाही. दीड तास वाकून गोंदानं नाल चिकटवला, पाय हातात धरून, गोंद वाळेपर्यंत श्वास रोखून. एवढा वेळ ती कुणाला पाय देत नाही. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी होती बिचारी.

आणि स्वारसाहेब येऊन काय म्हणतात? मार्चअखेरच्या स्पर्धेत तिला उतरवायचंय! "चिरेत लांबी भरा आणि वरून काळा रंग मारा. तपासणीत कुणाला दिसणार आहे?"

"रंग मारायचा तर तुमच्या तोंडाला मारतो!" म्हणालो. खरंच म्हणालो. कानस हातातच होती, दोन पावलं मागे सरले. संघात निवड व्हायची शेवटची संधी आहे म्हणे. कुणाची संधी? तिनं अर्ज केला होता का?

८ मार्च, रविवार

आज टेप घेऊन गेलो. स्वारांच्या तोंडावर मारायचं होतं, ही चीर खाली उतरून कापली जायला किती महिने लागतील ते, पुराव्यानिशी. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. वरून खाली. म्हणून आडवी रेघ केसांपासून जितकी खाली, तितके महिने दुखण्याला झाले. नालबंदाला हे पहिल्या वर्षी शिकवतात.

चार सेंटिमीटर. थोडं वरच.

पुन्हा लावली टेप. दुसऱ्या पायाला लावली. तेवढीच.

म्हणजे विष चढायला लागलं ते ऑक्टोबरच्या अखेरीला. आणि तो मोतद्दार आला डिसेंबर संपता संपता! ज्या दिवशी मी त्याच्याकडे बोट दाखवलं, त्या दिवशीही ती रेघ तीन सेंटिमीटरवर असणारच. माझ्या मांडीवर होता खूर. टेप खिशात होती. मोजायची अक्कल झाली नाही, तोंड मात्र चाललं.

घरी येईपर्यंत मी आणखी कुणाकुणाला धरत होतो. स्वारानं ऑक्टोबरात काय नवीन आणलं? मालकीणबाईंनी काय आणलं? जेवताना ही म्हणाली, "तुमचीच रोजनिशी काढून बघा ना, तुम्ही काय केलंत ऑक्टोबरात." काढली. सत्तावीस तारीख. माझंच अक्षर — 'मिनरलची नवी गोणी आणली. दुकानदार म्हणतो, ही कडक आहे, जपून घाला. हा मला शिकवणार!'

मागच्या शेडमध्ये गेलो. गोणीच्या मागचं वाचायला हिचा चष्मा घेतला. एक टन चाऱ्यात पन्नास ग्रॅम मिसळायची. एक टन! आणि मी जुन्याच मापानं कुटत होतो, निम्मं जवस, निम्मी ही. रोज चमचाभर, एका घोडीला. साडेतीन महिने.

सगळ्यांची तोंडं बघायला निघालो होतो मी.

९ मार्च, सोमवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी गोणी पाठीवर टाकली आणि मालकीणबाईंसमोर नेऊन ठेवली. सगळं सांगितलं. दिवस, माप, पुड्या किती. डॉक्टरबाईंनी वाचलं आणि खुर्चीत बसल्याच. "निम्मं भरत नव्हतं ते हे," म्हणाल्या.

मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही?" मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

स्वारसाहेब दारात होते. "नैसर्गिक होतं ना हो?" म्हणाले. मला हक्कच नव्हता चिडायला. तरी चिडलो. मनातल्या मनात.

तिथून मोतद्दाराला शोधत गेलो. एका गोदामात खोकी भरतोय. घोड्यांत वाढलेला माणूस, खोकी भरतोय! घामानं निथळत होता. मी हात जोडले, सगळं ओकलो. म्हटलं, चूक माझी, आळ तुमच्यावर घेतला, चार माणसांत घेतला, मला चार माणसांत शिव्या द्या. त्यानं त्याच्या बाटलीतलं पाणी मला दिलं. विचारलं, "लवंगी खाते का नीट?" म्हटलं, खाते. मान हलवली आणि पुन्हा खोक्यांकडे वळला. चार थोबाडीत मारल्या असत्या तर परवडलं असतं.

हिला सांगितलं. या वेळी 'बरं' नाही म्हणाली. ताट वाढलं आणि शेजारी बसली.

११ मार्च, बुधवार

डॉक्टरबाईंचा फोन आला होता. दुसरा नालबंद आणला, लवंगीनं पाय दिलाच नाही. ओढाताणीत चिकटवलेला नाल निघाला, खुराची कड घेऊन. लंगडतेय. बाई म्हणाल्या, असेच चार दिवस गेले तर काही खरं नाही.

अवजारं पुसून ठेवली. पुन्हा काढली. पुन्हा पुसली. काय करू मी!

१२ मार्च, गुरुवार

मालकीणबाईंचा फोन. त्यांनी माफी मागून मोतद्दाराला परत बोलावलं होतं. तो म्हणाला, येतो, पण नालबंद तेच असतील तर. बाई म्हणाल्या, अरे, ज्यानं तुला चोर ठरवलं तोच? तर म्हणाला, "टेबलावर नसलेलं ते म्हणजे त्यांची पूड, हे तिथेच ओळखलं होतं मी. उरलेली जाण्याआधी खड्ड्यात पुरली. तोंड उघडलं असतं तर तुम्ही त्यांना काढलं असतंत. मोतद्दार कुठेही मिळतो, बाई. तिचे तसले पाय धरणारा दुसरा कुठून आणणार होतात?"

उद्या सकाळी सातला बोलावलंय. पाय तो धरणार आहे. त्याच्यासमोर बसायचं कसं, कळत नाही.