पाणी न पिणाऱ्या केसांविषयी शेवटची तजवीज

खाली सही करणारी मी, वय त्रेसष्ट, धंदा बायकांचे केस धुणे व कापणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोके ताळ्यावर असल्याचा वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. केसांविषयी दाखला देण्याची पात्रता मात्र या गल्लीत माझ्याखेरीज कोणाची नाही.

१. राहते घर मुलगा आणि लेक यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडू नये. कपाटाची किल्ली अडकते. जोर लावू नये.

२. बँकेतली ठेव मुलाला. त्याला टक्कल आहे, त्यामुळे पुढच्या कलमांत त्याने तोंड घालू नये.

३. खालचे दुकान, दोन्ही खुर्च्या, वाफेची टोपी आणि रुंद दातांचा लाकडी कंगवा लेकीच्या मुलीला. ती बारा वर्षांची आहे. केस माझ्यासारखेच, कुरळे आणि हट्टी. पाणी ओतले की अळवावरून घरंगळावे तसे घरंगळते. तेल लावले की वरच बसून राहते. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर माझी वेणी उचलून म्हणत, "घरी तेलाचा डबा उपडा करतात वाटतं?" आणि कपड्यांच्या साबणाने डोके धुवायला लावत. घरी आई म्हणे, "अगं, किती कोरडे झालेत!" आणि पुन्हा तेल थापे. दहा वर्षे हेच! दोघींची माया होती, त्या साबणाचा वास मला अजूनही आवडतो. पण एकीलाही सुचले नाही, की आत काही जातच नाही तर आणखी थापून काय उपयोग? आधी कोमट पाणी. मग ओला गरम टॉवेल नाहीतर वाफ, वीस मिनिटे. मग ओल्या केसांतच पातळ, हलके काहीतरी, थोडेसे. जाड लेप नकोत. वाळायला अर्धा दिवस लागतो, लागू द्या. कोणाची गाडी सुटते आहे?

४. लेक नातीला सोमवारी केस सरळ करायला नेणार आहे. तेही समोरच्या चकचकीत पार्लरात! मी जाब विचारला.

"आई, मला शाळाभर काथ्या म्हणायचे. तिला नको ते."

"मग म्हणणाऱ्यांची तोंडं सरळ कर!"

"तू केलीस का?"

नाही केली. लेक चौदा वर्षांची असताना केस सरळ करायचे औषध मीच तिच्या डोक्याला लावले. असे केस औषधही लवकर घेत नाहीत, म्हणून दहा मिनिटे जास्त ठेवले. ती "आई, जळतंय" म्हणत होती आणि मी "थांब गं जरा" म्हणत होते. कानामागे डाग आहे. त्यानंतर तिने मला डोक्याला हात लावू दिलेला नाही. हा राग वाटून देण्याजोगा नाही. माझ्याच नावावर ठेवते.

५. नातीचे केस सरळ केल्यास दुकान तिला मिळू नये, अशी अट मी घातली होती. काल टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसली होती, तेव्हा तिला वाचून दाखवली.

"आजी, तूपण आईसारखीच. मला कुणी विचारलंच नाही."

"बरं, विचारते. काय करायचंय?"

"ठरलं नाही अजून. पण सोमवारी नाही."

सबब अट रद्द. काट मारून सही केली आहे. दुकान तिचेच, मग केस कुरळे ठेवो, सरळ करो, नाहीतर तुळतुळीत करो. तिने हो म्हटल्याशिवाय आई, मामा, पार्लरवाली किंवा मी, कोणीही तिच्या डोक्याला हात लावायचा नाही. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. आजपासून लागू.

ठिकाण: खालचे दुकान. दिनांक: ९ जून, शनिवार.

सही: (लिहून देणारी)

साक्षीदार: १. शेजारची शिंपीण २. वरचे डॉक्टर

ता. क. लेकीने हे सगळे उभ्यानेच वाचले. "मलाही नव्हतं कुणी विचारलं," एवढेच म्हणाली आणि सहीला पेन मागितले. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा तिने पार्लरला फोन लावून सोमवारची वेळ रद्द केली. तो फोन दोन्ही साक्षीदारांनी ऐकला आहे.