घटातलं गवत

२१ सप्टेंबर, रविवार
अकोल्याहून विचारमंचाचा फोन. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुटीत, माझं व्याख्यान. विषय मीच सुचवला : 'माणूस देवाकडे का वळतो?' खरं उत्तर एका शब्दाचं आहे. भीती. पण तासभर बोलायचं आहे म्हणून अज्ञान आणि आळस हे दोन पॉइंट वाढवले.
संकल्प : भाषणाचं रोज एक पान. कुणाला टोमणे नाहीत. रोज फिरताना भेटणाऱ्या शफीकभाईंचा मुद्दा घ्यायचा, नाव घ्यायचं नाही.
मनकर्णा पुण्यात, मुलीच्या बाळंतपणाला. घरात शांतता, चिंतनाला उत्तम. दूध उतू गेलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
सकाळी फिरायच्या ट्रॅकवर शफीकभाईंशी वाद. स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा माणूस, पण वादाला पक्का. म्हणे, ऊपरवाला नहीं तो दुनिया कौन चला रहा? मी म्हटलं, कोणीच नाही. ते म्हणाले, वो तो दिखच रहा. त्यांच्याकडे मुद्दा उरला नव्हता, हे त्यांनाही कळलं असावं.
वादानंतर नत्थुजीच्या गाडीवर गव्हांकुराचा रस. याने रक्त शुद्ध होतं. हे सिद्ध झालेलं आहे. कुणी सिद्ध केलं ते एकदा पाहून ठेवायचं.
शेजारी लीलाबाईंकडे घट बसला. दरवर्षी मनकर्णा आरतीला जाते आणि मी फाटकाबाहेर उभा राहून तत्त्व सांभाळतो. उपवासाची उसळ मात्र घरपोच आली. नाकारणार होतो. पण अन्न वाया घालवणं प्रॅक्टिकल नाही.
भाषण : उद्यापासून.

२३ सप्टेंबर, मंगळवार
सकाळीच लीलाबाई दारात. त्यांचे यजमान जानराव, छातीत बरेच दिवस जड वाटतंय, म्हणून दोघं अकोल्याला निघाले. तिथे त्यांची मुलगी पौर्णिमा असते. तपासणी करून संध्याकाळी परत. घराची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "भाऊ, दिवा जमला तं लावा, नाई तं राहू द्या. पण घटाले पाणी चुकवू नका. थोडंसंच शिंपडजा."
मी स्पष्ट सांगितलं, वहिनी, माझा यावर विश्वास नाही. त्या म्हणाल्या, "विश्वास देवीवर ठेवाचा हाय, तो मी ठेवतो. तुमी पाणी टाका."
बाईंना तर्काची सवय नाही. पण शेजारधर्म आहे. (धर्म हा शब्द इथे लाक्षणिक.)
घट पाहिला. टोपलीत काळी माती, त्यात धान पेरलेलं, मधोमध मातीचं मडकं. थोडक्यात, मातीत बी. यात मला कुणी शिकवावं असं काही नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. दोन तांबे घातले.

२४ सप्टेंबर, बुधवार
लीलाबाईंचा फोन. परत येत नाहीत. जानरावांच्या तीन नसा बंद निघाल्या. डॉक्टर म्हणतात बायपास करा, तेही लगेच. जानराव ऐकत नाहीत.
मनकर्णाला फोनवर सांगितलं की घट माझ्याकडे आहे. म्हणाली, "तुमाले सोपोला? आवो, पाणी कमी टाकजा." मी विषय बदलला.
हवा कोरडी वाटली. सकाळ-संध्याकाळ पाणी.
भाषण : शीर्षक सुंदर अक्षरात लिहून झालं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
लीलाबाईंच्या देवघरात वास येतोय. उंदीर मेला असेल म्हणून सगळी फरशी पाहिली. उंदीर नाही. घट आहे.
धान कुजलं. काही कोंब आले होते, ते आडवे झाले, वर पांढरी बुरशी. टोपलीखालून पाण्याचा ओघळ थेट उंबऱ्यापर्यंत. नैसर्गिक प्रक्रिया आहे. निचऱ्याची सोय केलेली नव्हती, त्यात माझी काय चूक.
संध्याकाळी लीलाबाईंचा फोन. आवाज बारीक. जानराव म्हणतात, "घट कसा हाय ते इचार. बरा उगोला असन तं करू ऑपरेशन, नाई तं मले घरी घेऊन चाल." तिवशाकडे त्यांचं शेत. वडिलांच्या काळापासून घट पाहून रब्बीचं ठरवत आले, आता हृदयाचंही तसंच ठरवतात. आणि लीलाबाई मला विचारतायत, "भाऊ, कसा हाय?"
खरं सांगणं हे माझं आयुष्यभराचं तत्त्व आहे.
मी म्हणालो, उत्तम आहे.
पलीकडे त्या रडत होत्या बहुतेक. म्हणाल्या, उद्या फोटो धाडजा, यायले दाखोतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७
शांत डोक्याने विचार केला. सत्य सांगितलं तर माणूस ऑपरेशन नाकारतो आणि अंधश्रद्धा जिंकते. खोटं सांगितलं तर विज्ञान जिंकतं. म्हणजे खोटं सांगणं हीच विवेकाची बाजू. हा मुद्दा भाषणात घ्यायचा नाही.

सकाळी ९
नत्थुजीकडून गव्हांकुराचा अख्खा ट्रे आणला. हिरवागार, वीतभर उंच. नत्थुजी विचारत होता, सगळा एकटे पेता का? मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. आज खोटं बोलणं फार सोपं जातंय.
कुजलेलं धान काढलं, तुळशीच्या कुंडीतून माती आणली, गवत मुळांच्या थरासकट बसवलं. मडकं मधोमध ठेवलं. झेंडूची माळ वायरच्या तुकड्याने बांधली. फोटो पाठवला. सामान्य माणसाला रोपारोपातला फरक कळत नाही.

दुपारी १
लीलाबाईंचा मेसेज. नुसते जोडलेले हात. मग फोन : जानरावांनी सही केली. उद्या ऑपरेशन.
विज्ञान जिंकलं. जेवण गेलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ६
आज रस घेतला नाही.
शफीकभाईंना एका मित्राची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. मित्र नास्तिक, शेजाऱ्याचा घट कुजला, त्याने बदलला, आज शेजारी ऑपरेशनच्या टेबलावर. शफीकभाई चालता चालता थांबले. म्हणाले, "आप तो मानतेच नहीं ना भगवंतराव, फिर डर कायकू रहे?" मी म्हटलं, मी नाही, मित्र. ते म्हणाले, "मित्रको बोलो, मैं दुआ करूंगा." मी म्हटलं, त्याची गरज नाही. पुढच्या वळणावर म्हटलं, करायला हरकतही नाही.

सकाळी १०
जानरावांना आत घेतलं.
समजा काही झालं, तर? सर्जन चांगला आहे. टक्केवारी चांगली आहे. पण जानराव टक्केवारीवर आत गेले नाहीत, माझ्या गवतावर गेले. ते बाहेर आले नाहीत तर मी लीलाबाईंना काय सांगणार आहे? निचऱ्याची सोय नव्हती?

दुपारी १२
लीलाबाईंच्या घरी जाऊन बसलो. कारण पंखा चांगला आहे. चपला बाहेर काढल्या कारण फरशी ओली होती. दिवा लावला कारण देवघरात उजेड कमी होता. हात जोडले नाहीत. तळवे गार पडले होते म्हणून एकमेकांवर दाबून धरले.

दुपारी ३.३०
पौर्णिमाचा फोन. बाबा बरे आहेत.
मी बराच वेळ 'हॅलो हॅलो' करत राहिलो म्हणे. रेंज नव्हती.

२९ सप्टेंबर, सोमवार
लीलाबाईंनी गल्लीभर फोन केले असावेत. सकाळपासून बाया घट पाहायला येतायत. एवढा घट कोणाचाच नाही म्हणतात. एकीने गवताला हळदकुंकू वाहिलं. दुसरी म्हणाली, "भगवंतभाऊ, पुढच्या साली आमचाही पाहजा, तुमचा हात चांगला हाय." मी खिडकीबाहेर पाहत होतो. आतापर्यंत कुणी मला इतक्या आदराने वागवलं नव्हतं, आणि इतकं मेल्याहून मेल्यासारखंही झालं नव्हतं.
संकल्प : सगळं कबूल करायचं. आज संध्याकाळी फोन करून.
संध्याकाळी फोन केला. जानरावांनी आज दोन घास भाताचे खाल्ले म्हणून लीलाबाई खुशीत होत्या. आनंदात विरजण घालणं माणुसकीला धरून नाही. उद्या.

३० सप्टेंबर, मंगळवार
गवताचे शेंडे पिवळे पडतायत. कात्रीने कापले.
कबुली : फोनवर बरं दिसत नाही. समोरासमोर.
भाषण : 'भीती' हा पॉइंट लिहायला घेतला. उदाहरण म्हणून माझंच आठवायला लागलं. थांबलो.

१ ऑक्टोबर, बुधवार
मनकर्णाला खरं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. नुसतं विचारलं, "लीलाबाईनं पेरलं काय होतं?" मी म्हटलं, धान. "कोणतं धान?" मला माहीत नाही. मग ती हसायला लागली आणि हसत हसत बाळ उठलं म्हणून फोन ठेवून दिला. काय हसण्यासारखं होतं कळलं नाही.
भाषण तोंडीच करायचं. चांगले वक्ते कागद घेत नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळच्या गाडीने लीलाबाई आल्या, घट उठवायला. मी कबुलीचं वाक्य तयार ठेवलं होतं. त्यांनी टोपलीवरून हात फिरवला. थोडे तुरे तोडून रुमालात बांधले, जानरावांसाठी. वायर सोडवून माझ्या हातात दिली.
मलाही अकोल्याला जायचंच होतं. एकाच बसने निघालो. बसमध्ये सांगणार होतो. मूर्तिजापूरपर्यंत शब्द जुळवले, पुढे त्यांचा डोळा लागला.
जानराव वॉर्डात उशीला टेकून बसलेले. निम्मे झालेत. लीलाबाईंनी रुमाल सोडला. त्यांनी एक तुरा उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटापालटा केला. म्हणाले, "हा तं गहू हाय. आपण ज्वारी पेरतो ना?"
मी खिशातली वायर चाचपली.
लीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "यंदा गहूच पेरला होता." आणि बाटलीत पाणी भरायला बाहेर गेल्या.
जानरावांनी तुरा स्वतःच्या कानाला लावला, दुसरा माझ्यापुढे केला. "लावा भगवंतराव. तुमी सांभाळला म्हणून मी हाय." छातीवरचे टाके दिसत होते. त्यांना तो हात फार वेळ वर धरता आला नसता. घेतला. कानाला लावला.
बाहेर नळाजवळ लीलाबाईंना गाठलं. मी सुरुवात केली तशी त्यांनी हात वर करून थांबवलं. "फोटो पाह्यला तवाच समजलं, भाऊ. तुमी रोज सकाळी पेता, ते रसाचं गवत होय. पाचव्या दिवशी एवढं कोणाचं उगोते?"
मग ऑपरेशनला हो का म्हणालात?
"'हो' म्हणासाठी काई तरी पायजे होतं यायले. अन मलेही. मी लय भेली होती. फोटो पाहून म्हटलं, देवाले न मानणारा माणूस आपल्यासाठी गवत रोवून राह्यला, म्हणजे आपण एकटी नाई. मंग मीनंच सांगतलं यायले, घट लय भारी उगोला. फोटो दुरूनच दाखोला."
बाटली भरून वाहत होती. त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, "आता रोज देवीची माफी मांगून राह्यली. आपल्या माणसासंग खोटं बोलली ना. मांगतली का मंग बरं वाटते. तुमचं बरं हाय, तुमाले मांगाची कटकट नाई."
मी हो म्हणालो.
त्यांचं एका वाक्यात मिटलं. माझं गेला आठवडाभर छातीत तसंच बसलं आहे आणि ते कुणापुढे ठेवायचं हे मला अजूनही माहीत नाही. बाईंची माफी मागायची राहिलीच.

रात्री, घरी
व्याख्यान झालं. झालं म्हणजे मी उभा राहिलो. 'माणूस देवाकडे का वळतो?' म्हटलं, पहिलं कारण भीती. श्रोते माझ्याकडे फार टक लावून पाहत होते, मला वाटलं पकड बसली. दुसरं अज्ञान. ज्वारी की गहू हे आठवलं आणि त्यावर पुढे बोलता आलं नाही. आळस सोडून दिला. चौथं कारण बोलायला गेलो, तोंडून निघालं, माफी मागायला कुणीतरी लागतं. हा पॉइंट माझा नव्हता, लीलाबाईंचा होता. हे मला त्यांच्यापुढे, नळाजवळच, बोलायला हवं होतं.
मग पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. विद्यापीठात शेती शिकते म्हणे. तिने विचारलं, "सर, कानाला काय आहे?"
हात लावून पाहिला. अख्खा वेळ तिथेच होता.
म्हटलं, गहू.
हसले सगळे. अध्यक्षांनी आभार लवकर मानले.
परतीच्या गाडीत तुरा काढून खिशात ठेवला. घरी आल्यावर फेकणार होतो. ग्लासात ठेवलाय, ओट्यावर. पाणी थोडंच घातलं.