बोट लागली

बाबा, मुरबाडची आपली धाकटी पुढच्या महिन्यात बोटीवर चालली आहे. तुमच्यासारखी कामाला नव्हे, मजा करायला. मी याच हिवाळ्यात जाऊन आले, म्हणून तिच्यासाठी सूचनांची यादी करायला बसले होते. यादी राहिली बाजूला आणि तुम्हालाच लिहू लागले.

तुमच्या वेळी माणसं कुठेतरी पोचायला बोटीत बसायची. आता बोट मुंबईहून निघते, समुद्रात एक फेरा मारते आणि त्याच धक्क्याला परत येते. असल्या प्रवासाला तीन दिवस! तुमचे उतारू ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या घेऊन चढायचे, असं तुम्ही सांगायचात. माझा लाडवांचा डबा धक्क्यावरच काढून घेतला. घरचं खाणं वर न्यायचं नाही म्हणे, आणि हे मला विशीतली मुलगी हसत हसत सांगते. तिकीट फोनमध्ये, खोलीची किल्ली म्हणजे गळ्यातलं एक कार्ड. ते हरवलं की तुम्ही कोण हे बोटीवर कुणालाच ठाऊक नाही. म्हणून धाकटीला लिहिलं आहे: ओळखपत्राची छापील प्रत जवळ ठेव, फोनवर भिस्त नको. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेव, मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. बोट सुटली की फोन विमानातल्यासारखा बंद कर, नाहीतर एका 'पोचले गं'चं बिल महिनाभर छळेल. जीवरक्षक जॅकेटची कवायत चुकवू नकोस. विमा काढ, बोटीवरचा डॉक्टर फुकट बघत नाही. मधल्या बंदरात उतरलीस तर घड्याळाकडे लक्ष ठेव, बोट कुणाच्या खरेदीसाठी थांबत नाही. खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध माग, तिथे हेलकावे कमी बसतात.

हे शेवटचं मी फोनवर वाचून दाखवलं तशी ती खो खो हसली. "ताई, आपण बाबांच्या पोरी. आपल्याला हेलकावे काय करतात?" दोष तिचा नाही. आयुष्यभर मीच मिरवलं आहे, शाळेत, नोकरीत, आपल्या सापगावच्या प्रत्येक लग्नात: आमच्या वडिलांनी उतारूंच्या बोटीवर वीस वर्षं चादरी धुतल्या, इस्त्र्या केल्या, पण त्यांना एकदाही त्रास झाला नाही.

माझ्या फेरीत दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटीवरच्या न्हाणीघरात बेसिनला धरून बसले होते. खोली झाडायला येणारी बाई दापोलीकडची, माझ्याच मुलीच्या वयाची. दारातूनच म्हणाली, "मॅडम, बोट लागली वाटतं?"

"लागली? मग उतरवा मला!" मी ओरडले.

ती हसायला लागली. "तसं नाय ओ मॅडम. धक्क्याला नाय लागली, तुमाला लागली."

एवढी कॉन्व्हेंटात शिकलेली मी, आणि एक बाई मला माझी भाषा समजावून सांगते. तिने लिंबाची फोड हातात दिली, पाठीवरून हात फिरवला आणि गेली. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. मला तुमचं पोस्टकार्ड आठवलं होतं.

मी अकरा वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत कल्याणच्या बोर्डिंगातून घरी आले आहे. आईला वाचता येत नाही, म्हणून पोस्टमन कार्ड माझ्या हातात देतो. तुमचं मोठं, वाकडं अक्षर. दोनच ओळी: 'बोट लागली. आईला सांगू नको.' मला वाटतं, बाबा मुंबईला पोचले, आईला चकित करणार! परदेशी तिकीट मी सोलून वहीत चिकटवते. मुंबईत पोचलेला माणूस कार्डावर परदेशी तिकीट कसं लावेल, हे काही सुचत नाही. आईला मैत्रिणीचं नाव सांगून मी तीन दिवस शहापूरच्या एसटी स्टँडवर बसते, तुम्ही आणलेला निळा फ्रॉक घालून. आसनगाव स्टेशनहून येणारी प्रत्येक गाडी रिकामी होईपर्यंत बघते.

तुम्ही आलात तीन आठवड्यांनी. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लोंबत होता. आई पायांवर पाणी घालत होती आणि मी कंबरेवर हात ठेवून नन्सच्या इंग्रजीत म्हटलं, "यू आर अ लायर." आईने विचारलं, "काय म्हंते गो ही?"

तुम्हाला तेवढं इंग्रजी येत होतं. बोटीवर त्याहून वाईट ऐकत होतात. तुम्ही टॉवेलने तोंड पुसलं. फार वेळ पुसलंत. मग म्हणालात, "म्हंते, लय वाट बघितली."

तुमचं दुखणं तुम्ही आयुष्यात एकाच माणसाला कळवलंत. आईला कळलं असतं तर तिने पुन्हा जाऊ दिलं नसतं, आणि तुम्ही गेला नसतात तर माझं बोर्डिंग सुटलं असतं. मग मलाच का लिहिलंत? सगळ्यांत शिकलेली म्हणून? वाचता येणारी म्हणून? बघा, काय वाचलं मी. त्यानंतर आठ वर्षं तुम्ही जात राहिलात, आणि मला पुन्हा तसं काही लिहिलं नाहीत. कार्डावर फक्त 'खुशाल आहे.' मीही ते खरं मानलं. दर वेळी.

बोटीवर भांडायला मी कारणं शोधतच होते: लाडू, गळ्यातलं कार्ड, न मागितलेल्या सेवेचं बिल. त्या बाईच्या एका वाक्याने सगळी भांडणं विझली. उतरताना मी खाली वाकून पाण्याच्या रेषेजवळच्या बारीक गोल खिडक्या बघत राहिले. तुमच्या खोलीला तर तेवढी खिडकीही नव्हती. मागचे लोक कुरकुरले तेव्हा मात्र त्यांना चांगलं सुनावलं.

यादी मग पुरी केली आणि काल धाकटी येऊन ती घेऊन गेली. उलटीच्या गोळ्यांचं पाकीट मी तिच्या पर्समध्ये घातलं, तेव्हा म्हणाली, "ह्या कशाला? तुला लागली होती की काय बोट?"

मी म्हटलं, "छे! बाबांची मुलगी आहे मी. घाटातल्या एसटीत उपयोगी पडतील तुला."

बाबा, 'आईला सांगू नको' एवढंच तुम्ही म्हणाला होतात. मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या शब्दाखातर नव्हे. त्या अकरा वर्षांच्या पोरीने तुम्हाला काय म्हटलं होतं, तेही मग सांगावं लागेल म्हणून.