तुमच्या घराची कुकारी

डोळखांब,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

भिमी आत्या,

वैष्णवीचा नमस्कार. लडकूची नात म्हटलं म्हणजे ओळखाल. उंबरमाळीला थंडी लवकर पडते, तुमचे गुडघे कसे आहेत? आमचं भात कापून झालं, अर्धं झोडायचं राहिलंय. आईची कंबर धरली आहे, पण ती ऐकत नाही.

फोन करणार होते. तीनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. तुम्ही घरात काहीतरी करत असाल, आवाज ऐकून हातातलं टाकून याल, हे मला सहन होईना. का, ते पुढे कळेल. पत्र उद्या सकाळच्या एसटीने माणसाच्या हाती पाठवते, एकट्याने वाचा. तुमच्या धनेशला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

स्मारकाचं काम होत आलंय. शाळेसमोर चौथरा बांधून झाला. मंगळूबाबांचा अर्धपुतळा आलाय, गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. तुमच्या बाबांचा एकही फोटो नव्हता म्हणून धनेशदादाला समोर बसवून केला, हे तुम्हाला माहीतच आहे. आई गोणपाट उचकून म्हणाली, "नाक धनेशचंच हाय गो, पण मिशी सरपंचाच्या सासऱ्याची लावली." सगळे हसले. आजा हसला नाही. २३ तारखेच्या अनावरणाला पहिलं फूल त्याने वाहायचं ठरलंय. तुमच्या बाबांच्या सोबत्यांतला तोच एक उरलाय.

चौथऱ्याच्या दगडावरचा मजकूर माझ्याकडे आला, अक्षर बरं म्हणून. सरपंच मनोजदादांनी टिपण दिलं. मंगळूबाबा पंचायत समितीचे सभासद होते. आणीबाणीत नसबंदीसाठी माणसं ट्रकात भरून नेत तेव्हा ते ट्रकासमोर आडवे झाले. वॉरंट निघालं म्हणून पाड्यामागच्या घळीत लपले. शहात्तरच्या नोव्हेंबरात तिथेच त्यांचा खून झाला आणि सरकारी कागदावर कड्यावरून पडले असं लागलं. यातलं प्रत्येक वाक्य मी दोन-दोन जणांना विचारून घेतलं. मला तशी खोड आहे, चूल विझवली का हेही मी दोनदा बघते.

शेवटची ओळ तुमच्या सांगण्यावरून आहे. "लेकीच्या कुकारीला ओ देऊन ते बाहेर आले आणि मारले गेले."

आजा खळ्यात भात वारवत होता. त्याला ती ओळ वाचून दाखवली.

"परत वाच."

वाचली.

"पोरीच्या कुकारीला नाय आला तो," आजा म्हणाला. "झोपला आसल, नायतर पल्याड पाण्याला गेला आसल. भाकर तशीच होती कातळावर."

"तुला काय ठावं?"

"मी बघितली."

एवढं बोलून तो पुन्हा वारवायला लागला. वारा पडला होता. तरी तो सूप हलवत राहिला.

इथे मी पत्र ठेवून गोठ्यात जाऊन आले. आता लिहिते, आजाने त्या रात्री उरलेलं सांगितलं ते.

रानात आपण माणसाला नावाने हाक मारत नाही, प्रत्येक घराची कुकारी वेगळी. तुमच्या घराची दोन तोकडी आणि एक लांब. मंगळूबाबा घळीतून तेवढ्या एका कुकारीला बाहेर यायचे. तुमच्या घराबाहेर ती एकालाच येत होती. त्या दिवशी तुम्ही भाकर ठेवून परत गेल्यावर ती कुकारी पुन्हा दिली गेली, आत्या. ती माझ्या आजाने दिली.

ट्रकात भरायला माणसं पुरवायचा तो जंगलाचा ठेकेदार, त्याची चार माणसं आजामागे उभी होती. ट्रकाच्या यादीत आजाचं नाव होतं. लग्नाला वर्ष झालं होतं, मूल नव्हतं. मंगळूला बाहेर बोलाव, तुझं नाव खोडतो. आम्ही त्याला नुसतं पोलिसांच्या हवाली करणार, असं ती माणसं म्हणाली. "मला खरं वाटलं," आजा म्हणतो. मग थोड्या वेळाने म्हणतो, "खरं वाटून घेतलं गो." दोन्ही लिहिते आहे. एक गाळलं तर खोटं होईल.

नाव खोडलं गेलं. पुढे माझे बाबा जन्मले, मग मी.

तुम्ही तेव्हा नऊ वर्षांच्या होतात. पाड्यावर परतल्यावर ओरडा ऐकलात, आणि तुमच्या हाकेला ते उशिरा बाहेर आले असं धरून बसलात. आई सांगते, धनेशदादाच्या लग्नातसुद्धा तुम्ही कुणाला अंगणातून मोठ्याने हाक मारली नाहीत, चालत जाऊन खांद्याला हात लावत होतात. आजाला मी विचारलं, भिमी आत्या स्वतःला दोष देते हे तुला माहीत होतं का?

"व्हतं," तो म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस मी त्याला ताट वाढलं, पण बोलले नाही. त्यानेच मला शाळेआधी लिहायला शिकवलं. अंगणात राख पसरायचा, माझं बोट धरायचा. चुकलं की म्हणायचा, "हात फिरव, परत लिही." त्याला तुमच्या बाबांनी असंच शिकवलं होतं, राखेत.

दगड सोमवारी कोरायला शहापूरला जाणार. ती ओळ काढा म्हणून मी मनोजदादांना सांगून पाहिलं, कारण सांगितलं नाही. "राहू दे गो, तीच वाचून लोक रडतील," म्हणाले. आता रविवारपर्यंत तुम्ही त्यांना फोन करून सांगितलंत तरच निघेल. तिच्या जागी खरं लिहायचं का, आजाचं नाव घालायचं का, तेही तुम्ही सांगाल तसं. पहिलं फूल मात्र आजा वाहणार नाही. तो स्वतःच म्हणाला.

तुम्ही त्या दिवशी भाकर पोचवलीत आणि घरी आलात. तुमच्या हातून एवढंच झालं.

हे सगळं मी आजाला वाचून दाखवलं. त्याने कुठे थांबवलं नाही. माफीचं काही लिहू का, विचारलं तर नको म्हणाला. "नुस्तं नाव लिवतो. तिच्या बापानं तेवढंच शिकवलं व्हतं." खालची वाकडी अक्षरं त्याची आहेत.

तुमची म्हणवून घ्यायची हिंमत नाही,
वैष्णवी

ल ड कू