एका ओळीत तीन ड

१४ मार्च, भरदुपार
(दुकान बंद आहे, बाहेर राख आहे)

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, तेव्हा तो कागदावरच मानून घ्यावा.) तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला अकरा वर्षं लागली. या काळात रोजनिशीत मी उशिराची चार कारणं लिहून ठेवली होती. काल चारही वाचली आणि एकही पटलं नाही, म्हणून इथे देत नाही. चूक माझी. तुमची तब्येत कशी आहे? डावा खांदा अजून कुरकुरतो का? काकूंना नमस्कार.

इकडे सगळे ठीक, म्हणजे सगळे खोकत आहोत. समुद्रापलीकडचा ज्वालामुखी फुटल्याचं तुम्ही वाचलं असेलच. आठ दिवसांपूर्वी त्याची राख वाऱ्यावर बसून आमच्या गल्लीपर्यंत आली. डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्यांनी घरात बसावं. बाबा म्हणतात, म्हातारे कोण ते आधी ठरू द्या, आणि तोंडाला रुमाल बांधून दुकानाच्या दारातल्या खुर्चीत बसतात. खिडक्यांच्या फटींत मी ओली फडकी कोंबली आहेत, आई कोंबायची तशीच. त्या ओल्या कापडाचा वास आला आणि मी एकदम दहा वर्षांची झाले. मागच्या खोलीत तुमचं चाक फिरतंय, वरच्या डब्यातून थेंब थेंब पाणी पडतंय आणि भिंग चाकाला लागताना तो मांजराच्या घुरघुरण्यासारखा आवाज येतोय. (मांजर आपल्याकडे कधीच नव्हतं. मला बरीच वर्षं वाटायचं की भिंगंच घुरघुरतात.)

त्या वर्षीही अशीच राख पडली होती. संध्याकाळ जांभळी व्हायची आणि तुम्ही आम्हा मुलांना रस्त्यात ओळीने उभं करून डोळ्यांसमोर गडद भिंगं धरायचात. बाबांनी तेव्हा नुकतीच नवी, हलकी, प्लास्टिकची भिंगं आणली होती. ती तुम्ही घासून फ्रेममध्ये बसवायचात, बाबा गल्ल्यावरून द्यायचे. आणि मग पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांची रांग लागली, कारण प्रत्येकाच्या भिंगावर ओरखडे. भर दुकानात बाबा तुम्हाला म्हणाले, "तुझा हात बिघडलाय." तुम्ही डब्यातलं पाणी ओतलंत, डबा उपडा ठेवलात आणि गेलात. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आता ठाऊक नसलेलं सांगते.

परवा हवामान कार्यालयातल्या बाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक. चष्म्यावर ओरखडेच ओरखडे. मी म्हटलं, बाई, यंत्रावर कापलेलं भिंग आहे, हाताचा प्रश्नच नाही. त्या म्हणाल्या, "अगं, राखेने झालंय हे. ही राख म्हणजे लाकडाची नव्हे, दगडाचा आणि काचेचा चुरा. कोरडी पुसली की संपलं." एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. पण त्यांनी स्वतःच्या आईची जुनी चष्म्याची डबी काढली, त्यातून एक पिवळी चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, "मी आपली तुमच्याच दुकानाच्या सूचनेप्रमाणे पुसत होते." आणि मोठ्याने वाचलं: 'चष्मा रोज तीन वेळा कोरड्या फडक्याने रगडून पुसावा.'

काका, ते अक्षर माझं आहे.

बाबांनी मला सांगितलं होतं फक्त 'चष्मा स्वच्छ पुसावा'. पण चिठ्ठीवर जागा उरायची, आणि त्या वर्षी शाळेत माझ्या ड चं फार कौतुक झालं होतं. (पोट गोल, शेपूट वळवलेलं.) कोरड्या, फडक्याने, रगडून. एका ओळीत तीन ड! अशा तीनशे चिठ्ठ्या मी मन लावून लिहिल्या. बाबांनी अक्षर पाहिलं, मजकूर नाही. आणि मागच्या खोलीत तुम्ही मला रोज बजावत होतात की आधी पाणी, मग हात. मी मान डोलवायचे आणि पुढे येऊन 'कोरड्या' लिहायचे. हे अज्ञान की अहंकार, यावर रोजनिशीची सहा पानं गेली. निकाल अहंकाराच्या बाजूने.

बाबा खुर्चीतून सगळं ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे हात चांगलाच होता त्याचा." मग डोळे पाणावले म्हणून जुनाच चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. मी ओरडले, "बाबा, आधी पाणी!" दोघंही दचकलो. आवाज हुबेहूब तुमचा.

बाईंकडून आणखी एक कळलं. राख चार-आठ दिवसांत खाली बसते, पण मोठ्या स्फोटात गंधकाचा वायू फार उंच जातो, त्याचे बारीक थेंब होतात आणि ते वर्ष-दोन वर्षं ऊन अडवत राहतात. (यावर मला भांडणाबद्दल एक शहाणं वाक्य सुचलं होतं. खोडलं.) तुम्ही गेल्यानंतरचा उन्हाळा आठवतो? आईने बांधून ठेवलेले स्वेटर पुन्हा काढले, आणि शाळेसमोरचा बर्फाच्या कांड्या विकणारा चहा विकायला लागला. मला वाटायचं, घरात तुम्ही नाही म्हणून गार वाटतंय. बाई म्हणतात, बहुतेक ठिकाणी तो उन्हाळा तसाच गार होता. म्हणजे तुमच्याकडेही असणार. तेव्हा स्वेटर कुणी काढून दिला तुम्हाला?

तुमची,
सुंदर अक्षराची पुतणी

ता. क. हे पत्र बाबांना माहीत नाही. खरं काम असं, की त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी करून दिलेले चार चष्मे त्यांनी नाकारले. भिंग टोचतं म्हणे. (भिंग डोळ्याला लागतच नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं.) पाचवी जोडी न घासता खणात ठेवली आहे. तुम्ही याल का?

ता. क. २ बाबांना माहीत झालं आहे. हातातलं भिंग धरून त्यांनी सगळं वाचलं. डोळे पाणावले नव्हते, राख गेली होती, अशी दुरुस्ती सांगितली आहे. ती इथे नोंदवते, पटली नसली तरी. शिवाय असं लिहायला सांगितलं आहे: "चाक जागेवर आहे. डबा अजून उपडाच आहे. पाणी ज्याचं त्याने येऊन भरावं."

उद्या: नव्या चिठ्ठ्या लिहिणे. मजकूर, 'आधी पाणी'. (एकही ड नाही. दोनदा तपासलं.)