वास गेला तेव्हा

ता. १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. जबडा सांधतोय, थोडंथोडं चावता येतं, हे वाचून जीव भांड्यात पडला. माझं नाक मात्र वाकडंच राहणार म्हणे. आधी तरी कुठे सरळ होतं!

गिरणीचं ठीक चाललंय. पामतेल काढल्यावर उरलेलं पाणी आम्ही झाकलेल्या तळ्यात सडवतो, त्याच्या गॅसवर गिरणीचे दिवे लागतात, गाळाचं खत झाडांना जातं. घाणीचं सोनं करतो म्हणून सगळे मला सोनार म्हणतात. हल्ली शूरही म्हणतात.

भाऊजी कसे गेले, असं तू विचारलंस. त्या सकाळी ते गिरणीतला आपला बॉयलर सोडून माझ्याकडे आले. "कुठं लपवलीस तिला?" त्यांनी पाना उचलून माझ्या तोंडावर हाणला. मीही त्यांना पाइपवर आपटलं, दात पडेपर्यंत मारलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. चौघांनी ओढून आम्हाला सोडवलं.

दुपारी गाळाच्या खड्ड्यातला पंप तुंबला. एकत्र काम केलं की डोकी थंड होतील, असं म्हणून मुकादमाने आम्हा दोघांनाच पाठवलं. भाऊजी कमरेला दोर बांधून उतरले. दुसरं टोक माझ्या हातात.

त्या खड्ड्यात कुजक्या अंड्यांचा वास येतोय तोवर माणूस जगतो. गॅस वाढला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. वास गेला की क्षणात वर ओढायचं. भाऊजी बॉयलरवाले, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

सोनाराचं नाक रक्ताने बुजलेलं, त्या बिचाऱ्याला काय कळणार, असं सगळे म्हणतात. मीही साहेबांना तेच सांगितलं. पण ताई, माझे कान शाबूत होते. भाऊजी खालून हसत ओरडले, "सोनार, गेला रे तुझा वास!"

मला त्यांच्या माराने सुजलेला तुझा चेहरा आठवला. मी दोर धरून नुसता उभा राहिलो. दोराला दोन हिसके बसले. तिसरा बसेना, तेव्हा ओढला.

त्यांना वाचवायला मी जिवाचं रान केलं, असं समजून तू माझ्याकडे राहायला येते आहेस. खोली झाडलीय, तुझी खाट खिडकीशी लावलीय. उद्या मी पोलीस चौकीत जाऊन हे सगळं सांगणार आहे. किल्ली शेजारच्या शिवणवालीकडे ठेवतो. हे वाचूनही यावंसं वाटलं, तर ये.

दोर हातात असूनही न ओढणारा,
तुझा धाकटा