पालाचं तोंड कुणीकडं

परभणी
१४ डिसेंबर, रविवार

अप्पा, बरीच वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, त्याची माफी मागते. जिंतूरला वसतिगृहात होते तेव्हा लिहायचे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही मेंढरं घेऊन ज्या गावाच्या शिवारात असाल तिथल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचात. आता वाचून दाखवणाऱ्याचीही गरज उरली नाही, आणि मी लिहायला बसलेय. याला काही अर्थ आहे का, हे मघाशी स्वतःला विचारलं. उत्तर आलं नाही तरी हात चालू राहतो, हे अलीकडं माझ्या लक्षात आलंय.

गोष्ट तशी छोटी आहे. मला एक ताडपत्री निवडायची होती आणि ती निवडता येत नव्हती. दिवाळी झाल्यावर एकदा मेथी निवडता निवडता माय म्हणाली, "जायच्या आधी एक रात रानात झोपावं वाटतंय बघ. पालात." जायचं म्हणजे पुण्याला. दादा संक्रांतीनंतर तिला घेऊन जाणार आहे. त्याचं घर बाराव्या मजल्यावर आहे, तिच्या गुडघ्यांवर तिकडं उपचार होतील, नातवंडं आहेत. ती परत येणार नाही असं कुणी म्हणत नाही. येईल असंही कुणी म्हणत नाही. मी "बरं" म्हणाले आणि मेथीच्या काड्या केरात टाकल्या. म्हणजे ही एक रात्र संक्रांतीच्या आत व्हायला हवी, नाहीतर होणार नाही. एवढंच आहे.

मी कामाला लागले ते माझ्या पद्धतीनं, म्हणजे वाचायला लागले. डोंगरात, जंगलात जाऊन हौसेनं उघड्यावर झोपणारे लोक असतात, अप्पा. त्यांच्यासाठी पातळ, रेशमासारखी कापडं मिळतात. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होतात. फोटोत एक माणूस त्या कापडाखाली पालथा पडून कॉफी पितो. मला ते कापड आवडलं, हलकं होतं, एस.टी.त नेता आलं असतं. (मोटारीत मायला मळमळतं, त्यामुळं पालमकडच्या रानापर्यंत एस.टी.नंच जायचंय.) पण ते कमरेएवढंच उंच लागतं, आत रांगत जावं लागतं. मायला रांगता येत नाही. शिवाय कामाचं चांगलं घ्यावं तर ऐपतीबाहेरचं, आणि एका रात्रीसाठी एवढं घ्यावं का हा प्रश्न. स्वस्तातलं घ्यावं तर त्याची शिवण उसवते असं घेणारे लिहितात. मी तुलना करत राहिले. सकाळी एक ठरवायचं, संध्याकाळी दुसरं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "बाई, कापड बघून पाऊस थांबत न्हाई."

मग मोंढ्यात, बाजारातल्या ताडपत्रीच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "सोयाबीन झाकायचंय का कापूस?"

"झोपायचंय."

"कुनाला?"

"मला आणि आईला."

त्यानं हातातली टेप खाली ठेवली. "घर पडलं का काय म्याडम?"

"नाही, घर आहे. एक रात्र रानात झोपायचंय."

"घर गळायलंय म्हनून लोकं माझ्याकडं येतेत," तो शेजारी थांबलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "ह्या घर सोडून जायलेत म्हनून आल्यात." गिऱ्हाईक हसलं. मीही हसले असावे. त्यानं तीन ताडपत्र्या काढल्या. एक निळी, पातळ, सगळ्यांत स्वस्त. ती त्यानं नुसती झटकली तर पत्र्यासारखी वाजली. एक ट्रकवर टाकतात ती मेणाची, जाड. ती मला उचलेना. तिसरी दोन्हींच्या मधली, एका बाजूनं मातकट आणि एका बाजूनं चंदेरी, कडेला दाटीनं लावलेल्या पितळी कड्या. मी तिला कड्या धरून ताणून पाहिलं, उजेडासमोर धरून भोकं शोधली. "लगीन जमवायलाव का म्याडम," तो म्हणाला, "घेऊन जा, न्हाई पटली तर वापस आना." मी आणली.

काल दुपारी ती गच्चीवर लावून पाहिली. पाण्याच्या टाकीच्या नळाला एक दोरी, कठड्याला एक, मधे कपडे वाळवायच्या काठ्या. वारा उत्तरेकडून होता, म्हणून पाठ उत्तरेला आणि तोंड टाकीकडं केलं, बाजू खाली ओढून घेतल्या, पुस्तकी लोक सांगतात तशी. उंची अशी ठेवली की मायला वाकावं लागू नये. ती जिना बसत बसत चढली. पालापुढं उभी राहिली. आत गेली नाही.

"तोंड कुणीकडं केलंस?"

"दक्षिणेला. वारा लागणार नाही."

"ते न्हाई इचारलं. मेंढरं कुणीकडंयत?"

"मेंढरं कुठंयत माय आता?"

"मंग काय टाकी राखायची का?" ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

मला आठवायला हवं होतं. तुमच्या पालाचं तोंड कधीच वारा बघून केलेलं नसायचं. शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, रात्रभर लेंड्या पडल्या की जमीन खतावते म्हणून. तुम्ही आधी जाळीचं कुंपण करून मेंढरांची जागा ठरवायचात, आणि मग पालाचं तोंड तिकडं. पडल्या पडल्या डोळा उघडला की मेंढरं दिसली पाहिजेत. वारा, थंडी, पाऊस ज्या बाजूनं यायचा त्या बाजूनं यायचा. एका चैत्रात पालमच्या शिवारात अवकाळी आला. मी सुट्टीला आलेली. पाऊस सरळ तोंडातून आत येतोय, माझी पुस्तकं भिजतायत, आणि मी म्हणतेय, "अप्पा, पाल फिरवा ना." तुम्ही घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन दारातच बसलेले. मागं न बघता म्हणालात, "पुस्तकं तिकडं सरकव. पाल फिरवलं तर मेंढरांकडं पाठ हुती." मला राग आला होता. मला वाटलं, यांना माझ्यापेक्षा मेंढरं जास्त. सकाळी तुम्ही पालाचा कोपरा विळ्यानं कापला आणि त्यात माझी पुस्तकं बांधून दिलीत. ते कापड शाळा संपेपर्यंत माझ्या दप्तरावर होतं. पुढं ते कुठं गेलं, माहीत नाही.

काल माय ताडपत्रीचा कोपरा बोटांत चोळत म्हणाली, "आवंदा कोपरा नको कापू कुनासाठी. तुझ्या दप्तरापायी तुझ्या बापाचे पाय भिजायचे. दर पावसाला. मी म्हनायचे ठिगळ लावू, तर म्हनायचे, राहू दे, वारा येतोय."

हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. छातीत, डोळ्यांत, जिथं होतं म्हणतात तिथं. मी थांबले. खालच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "चहा आणू का?" आणि आणला. तुम्ही गेलात तेव्हाही असंच झालं होतं. बायका मला धरून रडत होत्या आणि मी बघत होते की अंगणातल्या रांजणाला झाकण नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला मेंढरं विकली, तेव्हा माय आठवडाभर जेवली नाही. मी मात्र माझ्या वर्गाच्या परीक्षेचे पेपर तपासले. नीट तपासले, कुणाचा एक गुण चुकला नाही. मला दुःख झालं नाही असं नाही म्हणता येणार, पण झालं असंही खात्रीनं सांगता येत नाही. एवढी वर्षं मी हे वाक्य डायरीत वेगवेगळ्या शब्दांत लिहितेय.

तर ताडपत्री. मातकट बाजू वर करायची असं मायनं ठरवलं. चकचकीत बाजूला मेंढरं बुजतात म्हणे. मी पुन्हा म्हणाले नाही की मेंढरं कुठंयत. निळी मला तशीही नको होती, ती रात्रभर फडफडली असती. काळ्या रानात मेखा धरत नाहीत, भेगांत जातात, म्हणून रिकाम्या गोण्या नेऊन त्यांत माती भरायची आणि दोऱ्या त्यांना बांधायच्या. हे तुमच्याकडून पाहिलेलं मला आठवलं, वाचावं लागलं नाही. रान ठरलंय. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडलांचं, पालमच्या अलीकडं, यंदा पडीक ठेवलेलं. काठ्याही तेच देणार आहेत. फोनवर म्हणाले, "झोपा की ताई, पर घरात खाट टाकून देतो म्हनलं तर का न्हाई म्हनायलाव?" मी म्हणाले, आईची इच्छा.

इथं मला थांबायला हवं, कारण ते पूर्ण खरं नाही. माय एकदाच बोलली होती, मेथी निवडताना. नंतर तिनं विषय काढला नाही. दादा म्हणतो तिच्या छातीला थंडी सोसायची नाही, आणि तो चुकीचं बोलत नाही. मी तिला काल विचारलं, "खरंच जायचं ना?" ती म्हणाली, "तू एवढं कापड आनलंस, आता न्हाई कसं म्हनू." मग हसली. हा होकार होता का, मला कळलं नाही. शंका अशी की रात्र तिला नको, मला हवीय. मला पालाच्या तोंडाशी बसून बघायचंय, तुम्ही बसायचात तसं. काही वाटतंय का ते. त्यासाठी मी तिला गुडघ्यांसकट थंडीत नेतेय, आणि तिची इच्छा असं सगळ्यांना सांगतेय. तिला मी हे विचारू शकते. अजून विचारलेलं नाही.

हे पान कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. ताडपत्री घडी करून दाराशी ठेवलीय. माय येता-जाता तिला पाय लावून बघते, आहे ना म्हणून.

उद्या: रानाच्या मालकांना फोन करून विचारणे, यंदा त्यांच्या शिवारात कुणाची मेंढरं बसलीत का, आणि कुठल्या अंगाला.